घरची कोंबडी आणि तिची किंमत : कंधार परिसरातील मांसोपयोगी कोंबडीपालनाच्या खर्चाचा विचार

कंधारचा इतिहास म्हटला म्हणजे राष्ट्रकूटांचे कंधारपूर, जगत्तुंग तलाव, मन्याड नदीच्या खोऱ्यातील भुईकोट किल्ला आणि हाजी सय्याह यांचा दर्गा ही स्थळे प्रथम डोळ्यांपुढे येतात. पशुधनाचा विचार करावयाचा झाल्यास या गावाचे नाव धारण करणारा लाल कंधारी गोवंश सर्वपरिचित आहे. बैलाशिवाय शेत नाही व शेताशिवाय महसूल नाही, म्हणून बैलाची नोंद दप्तरात होत आली. याच परिसरातील उकिरड्यावर व खळ्यावर चरणाऱ्या कोंबडीचा इतिहास मात्र कोणी लिहिला नाही. ती महसुलाच्या हिशेबात क्वचितच येई. तिचा व्यवहार घरातील बायकांच्या हाती असे आणि तिला खावयास घालण्यासाठी पैसा खर्च होतो असे कोणास वाटत नसे. परिणामी ‘घरची कोंबडी फुकट’ हा समज रूढ झाला. तो कितपत खरा आहे, आणि खरा नसल्यास खर्चाचा भार कोणकोणत्या काळी कोणावर पडत आला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. साधनांचे स्वरूप

या विषयाची साधने विखुरलेली आहेत. प्राचीन काळासाठी धर्मशास्त्र, वैद्यक व राजलेख यांतील तुरळक उल्लेख मिळतात. निजामी अमदानीसाठी जातिवर्णनपर ग्रंथांचा उपयोग होतो. गावातील प्रत्यक्ष व्यवहाराविषयी म्हणी आणि बोलीतील शब्द यांइतका बोलका पुरावा दुसरा नाही. अलीकडील काळासाठी शासकीय योजनांची अंदाजपत्रके उपलब्ध आहेत. अंदाजपत्रक हे इतिहासाचे साधन म्हणून वाचण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रूढ नाही. तथापि कोणत्या बाबीस रक्कम लावली आणि कोणती बाब वगळली, हे पाहिले म्हणजे त्या काळाची खर्चाविषयीची कल्पना स्पष्ट होते.

२. प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख

मांसासाठी कोंबडा पोसण्याची कला भारतात फार जुनी असल्याचा एक निःसंदिग्ध पुरावा अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात आहे. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी काढलेल्या या आज्ञेत अनेक प्राण्यांना अभय दिले असून कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये असेही फर्माविले आहे. खच्ची केलेला कोंबडा झुंजीच्या कामाचा नाही व प्रजननाच्याही कामाचा नाही. तो केवळ मांस व चरबी वाढावी म्हणूनच केला जातो. ज्याअर्थी ही रीत राजाज्ञेने बंद करावी लागली, त्याअर्थी ती पुरेशी रूढ असली पाहिजे.

मनुस्मृतीने गावकोंबडा द्विजांस निषिद्ध ठरविला. त्याच वेळी सुश्रुतसंहितेत रानकोंबडा व गावकोंबडा यांच्या मांसाचे गुणधर्म वेगवेगळे सांगितले आहेत. धर्मशास्त्र वर्ज्य म्हणते आणि वैद्यक गुण सांगते, या विसंगतीतून सामाजिक वस्तुस्थिती प्रकट होते. खाणारे व न खाणारे असे समाजाचे दोन भाग होते. आणि न खाणाऱ्यांच्या हाती लेखणी असल्यामुळे कोंबडीचा हिशेब लिहिला गेला नाही.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये कोंबड्यांच्या झुंजीचे वर्णन आले आहे. कल्याणी व कंधार हे एकाच सांस्कृतिक प्रदेशाचे भाग होत. दरबारी वाङ्मयात कोंबडा येतो तो झुंजणारा नर म्हणून. अंड्यांवर एकवीस दिवस बसणारी, पिले मागे घेऊन उकिरडा उकरणारी कोंबडी त्या वाङ्मयात नाही. मांसाचा पुरवठा मात्र तिच्याच कष्टांवर चालत होता.

३. गावगाड्यातील घरचा हिशेब

कंधार हा जुन्या हैदराबाद संस्थानातील तालुका. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. या राजकीय स्थित्यंतरांच्या काळात खेड्यातील कोंबडी पाळण्याची रीत फारशी बदलली नाही. तिचे मूळ ज्वारीच्या शेतीत होते. खळ्यावर सांडलेले दाणे, जात्याखालच्या कण्या, पाखडल्यावर उरलेला कोंडा, उकिरड्यातील किडे व अळ्या हे तिचे खाद्य. रात्री तिला डालीखाली झाकावे अथवा खुराड्यात कोंडावे, पहाटे सोडावे, खुडूक झाली की टोपलीत भुसा घालून अंड्यांवर बसवावे, ही सारी कामे घरातील स्त्री किंवा मुले करीत.

गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणतः पन्नास ते सत्तर अंडी देते आणि तीही दहापंधरा अंड्यांच्या फेऱ्यांनी. एक फेरी संपली की ती खुडूक होते. पिले काढावयाची ठरविल्यास ती अंडी खाता येत नाहीत व विकताही येत नाहीत. उबवणीचे एकवीस दिवस आणि पुढे पिले सांभाळण्याचे दीडदोन महिने ती अंडी देत नाही. म्हणजे मांसासाठी पिले वाढवावयाची तर घर प्रथम अंड्यांचे उत्पन्न सोडते. हा या व्यवहारातील पहिला खर्च होय. घार, कावळा, मुंगूस व रानमांजर यांनी नेलेली पिले हा दुसरा खर्च. नर विक्रीयोग्य होण्यास पाचसहा महिने लागतात. तोवरची राखण हा तिसरा. यांपैकी एकाही खर्चासाठी रोकड द्यावी लागत नाही. त्यामुळे हे खर्च खर्च म्हणून ओळखले गेले नाहीत.

शेळीप्रमाणेच कोंबडीही अर्ध्या वाट्याने सांभाळावयास देण्याची चाल ग्रामीण महाराष्ट्रात आढळते. कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा आणि पिले निम्मी निम्मी, असा हा करार. फुकट समजल्या जाणाऱ्या कामाची किंमत या चालीतून आपोआप बाहेर पडते. सांभाळणारीच्या श्रमाला निघालेल्या पिलांचा निम्मा भाग मोबदला म्हणून मिळत असेल, तर ते श्रम कोंबडीच्या मोलाइतकेच मोलाचे मानले जात, असे अनुमान निघते. स्वतःच्या घरात तेच श्रम करणाऱ्या स्त्रीला असा वाटा कोणी मोजून दिला नाही.

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण सर्वतोमुखी आहे. मूळ वस्तूपेक्षा तिच्यावरील खर्च अधिक, असा तिचा रूढ अर्थ. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने पाहता तीत अधिक काही आहे. चार आणे व बारा आणे मिळून पूर्ण रुपया होतो. या रुपयातील चार आण्यांची वस्तू घरात तयार होते आणि बारा आण्यांची बाजारातून येते. काळ्या मसाल्यास लागणारे खोबरे किनारपट्टीकडून येई. लवंग, दालचिनी आणि दगडफूल वाण्याच्या दुकानात मिळे. मराठवाड्यातील कुळाच्या हाती रोकड क्वचितच असे. त्यातही ब्रिटिश हद्दीतील कलदार रुपया आणि निजामाचा हाली शिक्का यांचे मोल भिन्न होते. साधारणतः सात हाली रुपयांस सहा कलदार मिळत. अशा स्थितीत ज्या वस्तूस रोकड लागे ती महाग आणि ज्या वस्तूस श्रम लागत ती स्वस्त, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. या म्हणीत कोंबडीची खरी किंमत आलेली नाही; रोख पैशाच्या दुर्भिक्षाचे माप तिच्यात आले आहे.

४. पाहुणा, देव आणि अधिकारी

घरची कोंबडी घरच्या माणसांनी नेहमी खावी अशी रीत नव्हती. ती मीठ-तेलासाठी विकावयाची पुंजी होती, आणि घरातील स्त्रीच्या ताब्यात राहणाऱ्या थोड्या मालमत्तेपैकी एक होती. कापली जाई ती बहुधा पाहुण्यासाठी, देवासाठी अथवा अधिकाऱ्यासाठी. जावई आला की कोंबडा पडे. आखाडात मरीआईस व म्हसोबास कोंबडा दिला जाई. दर्ग्याच्या नवसाच्या कंदुरीत बकरा मुख्य. ऐपत नसेल तेथे कोंबड्यावर भागविले जाई. या प्रत्येक प्रसंगी मान घराला मिळे. पुंजी मात्र स्त्रीची कमी होई.

अधिकाऱ्यांच्या मागणीचा प्रकार याहून वेगळा होता. हैदराबाद संस्थानात वेठबिगारीची पद्धत दीर्घकाळ चालली. तेलंगणात वेट्टी या नावाने ती विशेष कुप्रसिद्ध झाली. मुक्कामास आलेल्या अंमलदारास सरपण, दूध, अंडी, कोंबडी असा शिधा पुरविण्याचा भार गावातील दुर्बल जातींवर पडे. ‘कोंबडीला काय लागते?’ ही समजूत अशा वेळी अंमलदाराच्या सोयीची ठरे. जी वस्तू फुकट वाढते असे मानले, ती फुकट मागण्यास संकोच वाटत नाही.

कोंबडी कोण खाते व कोण पाळते याचा जातिव्यवस्थेशी निकट संबंध होता. सय्यद सिराज-उल-हसन यांच्या निजामाच्या मुलखातील जातीजमातींवरील ग्रंथात (१९२०) निरनिराळ्या जातींचा आहार वर्णन करताना मांस-मासळीबरोबर कोंबडीचाही उल्लेख येतो. आहार हे सामाजिक पायरीचे चिन्ह मानले जात असल्याचेच ते द्योतक होय. कंधार व लातूरकडील भागात लिंगायत व वारकरी यांची वस्ती मोठी असल्याने खेड्यातील एका मोठ्या वर्गास कोंबडी वर्ज्य होती. साहजिकच पाळण्याचे काम मुसलमान, दलित व इतर मांसाहारी कुटुंबांकडे अधिक राहिले. ज्यांच्याजवळ जमीन कमी, त्यांना दुसऱ्याच्या खळ्यावरील सांडलेल्या दाण्यावर वाढणारी कोंबडी हेच परवडणारे पशुधन होते.

५. सुधारणेचा काळ

कुक्कुटपालन हा शास्त्रीय प्रयत्नाचा विषय होण्यास विसावे शतक उजाडले. संयुक्त प्रांतातील एटा येथे अमेरिकन मिशनने १९१२ च्या सुमारास कोंबड्यांचे केंद्र काढले. १९२७ च्या सुमारास राणीखेत येथे आढळलेल्या घातक साथीस त्या गावाचे नाव मिळाले. मराठी मुलखात हीच साथ ‘मानमोडी’ म्हणून ओळखली जाते. रोगाच्या लक्षणावरून पडलेले हे नाव अत्यंत यथार्थ आहे. इज्जतनगर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेत १९३९ मध्ये कुक्कुट संशोधनाचा विभाग निघाला आणि पुढे या रोगावर लस उपलब्ध झाली.

तथापि लस निघणे आणि ती खेड्यातील खुराड्यापर्यंत पोचणे या दोन निराळ्या गोष्टी होत. लस थंड ठेवावी लागते. तिची कुपी शेकडो पक्ष्यांपुरती असते आणि एकदा फोडली की थोड्याच वेळात संपवावी लागते. ज्या घरी आठदहा कोंबड्या आहेत, त्या घराला शंभर मात्रांची कुपी परवडत नाही. परिणामी औषध स्वस्त असूनही लहान पाळणारीस ते महाग पडले. मोठ्या संख्येस अनुकूल असलेले हे शास्त्र घरच्या कोंबडीच्या वाट्यास पूर्णपणे कधीच आले नाही.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६-६१) केंद्र शासनाने प्रादेशिक कुक्कुट केंद्रे काढण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर पशुसंवर्धनाचे विस्तारकार्य त्यांच्याकडे आले. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून सुधारित पक्षी पुरविले जाऊ लागले. माळेगावच्या खंडोबाची यात्रा ज्या गावी भरते ते पूर्वी कंधार तालुक्यात होते. आता ते लोहा तालुक्यात मोडते. घोडे, उंट व गुरे यांच्या बाजारासाठी ही यात्रा ख्यातनाम असून तेथील पशुप्रदर्शनाबरोबर जिल्हा परिषदेतर्फे कुक्कुटप्रदर्शनही भरविले जाते. दप्तराबाहेर राहिलेल्या पक्ष्याला मिळालेली ही सार्वजनिक मान्यता नोंद घेण्याजोगी आहे.

६. अंदाजपत्रकाचे वाचन

घरच्या कोंबडीचा खर्च शासनाने कसा मांडला, याचा उत्तम नमुना म्हणजे २०१० नंतरच्या दशकात राज्यात राबविलेली एकात्मिक कुक्कुट विकासाची योजना. एकदिवसीय शंभर पिलांच्या गटासाठी तीत धरलेला खर्च असा : पिलांची किंमत २,००० रुपये, खाद्य १२,४०० रुपये, वाहतूक १०० रुपये, औषधे १५० रुपये, रात्रीचा निवारा १,००० रुपये, खाद्याची भांडी ३५० रुपये, एकूण १६,००० रुपये. यांपैकी निम्मी रक्कम, म्हणजे ८,००० रुपये, अनुदान.

या आकड्यांवरून तीन गोष्टी दिसतात. पहिली, एकूण खर्चापैकी ७७.५ टक्के खर्च एकट्या खाद्याचा आहे. खळ्यावरचे दाणे टिपणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत जो खर्च शून्य समजला जाई, तोच येथे तीन-चतुर्थांशाहून अधिक झाला. दुसरी, दर पिलामागे १६० रुपये खर्च येतो तो शंभरही जगली तर. वीस मेली तर उरलेल्या प्रत्येक पक्ष्याची किंमत २०० रुपयांवर जाते. मरतुकीचा हा भार अंदाजपत्रकात कोठेही धरलेला नाही. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, श्रमासाठी एकही रुपया लावलेला नाही. दिवसाचा केवळ एक तास धरला तरी चार महिन्यांत १२० तास होतात. आठ तासांचा दिवस मानल्यास ती पंधरा दिवसांची मजुरी होय. शास्त्र बदलले, खाद्य बदलले, हिशेब लिहिला जाऊ लागला. परंतु स्त्रीचे काम हिशेबाबाहेरच राहिले.

त्याच सुमारास राज्याच्या नावीन्यपूर्ण योजनेत एक हजार मांसल पक्ष्यांच्या संगोपनासाठी २,२५,००० रुपयांचा प्रकल्प मंजूर केला जाई. सर्वसाधारण लाभार्थीस ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थीस ७५ टक्के अनुदान होते. ही रक्कम पक्षीगृह, वीजजोडणी व उपकरणे यांची. पिले, खाद्य व औषधे यांचा भार लाभार्थीवरच. म्हणजे पहिले पिलू शेडमध्ये येण्यापूर्वीच दर पक्ष्याच्या जागेमागे २२५ रुपये गुंतलेले असत. उकिरड्यावरच्या कोंबडीस भांडवल लागत नसे. या पक्ष्यास भांडवलावाचून पाऊलही टाकता येत नाही.

७. मांसल पक्षी, करारपद्धती आणि सोयाबीन

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वर हॅचरीजची स्थापना केली. पुढील दशकांत ब्रॉयलरचे संकरित वाण देशभर पसरले. हा पक्षी सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर भरतो. एक किलो वजन वाढविण्यास त्याला पावणेदोन किलोंच्या आसपास खाद्य लागते. एक हजार पक्ष्यांच्या एका खेपेस साडेतीन टन खाद्य हवे. इतकी रोकड लहान शेतकऱ्याजवळ नसते. त्यामुळे करारपद्धती रुजली. कंपनी पिले, खाद्य व औषधे देते. शेतकरी शेड, वीज, पाणी, तूस व श्रम देतो आणि वजनावर ठरलेले संगोपनमूल्य घेतो. जुन्या अर्ध्या वाट्याच्या चालीशी या कराराचे वरवर साम्य दिसते. तथापि भेद मूलगामी आहे. तेथे सांभाळणारीस निम्मी पिले मिळत आणि ती त्यांची मालकीण होई. येथे पक्षी शेवटपर्यंत कंपनीचा राहतो.

खाद्याचा प्रश्न मराठवाड्यात विशेष गुंतागुंतीचा झाला. ज्या रानात ज्वारी उभी असे त्यांतील बराच भाग मागील काही दशकांत सोयाबीनने व्यापला आणि लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली. ज्वारी मागे हटली तसे खळे गेले आणि खळ्याबरोबर घरच्या कोंबडीचे फुकटचे खाद्यही गेले. दुसरीकडे सोयाबीनची पेंड हाच ब्रॉयलरच्या खाद्यातील प्रथिनांचा आधार ठरला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनचा दर क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेला. कुक्कुटउद्योगाच्या मागणीवरून केंद्र शासनाने त्याच महिन्यात १२ लाख टन जनुकसंस्कारित सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली. सोयाबीन पिकविणाऱ्यास वाढलेला दर हवा होता. शेड असलेल्यास तोच दर जाचत होता. कंधार-लोह्याकडील कुटुंबांत ही दोन्ही माणसे एकाच घरात असू शकतात. खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचे उत्तर येथे घराच्या उंबरठ्यावर न ठरता दूरच्या धोरणात ठरते.

जोखमीचेही स्वरूप पालटले. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूर येथे देशात प्रथमच पक्ष्यांतील एच-५ एन-१ या इन्फ्लूएन्झाची साथ सिद्ध झाली. २०२० च्या प्रारंभी कोंबडी खाल्ल्याने करोना होतो या निराधार अफवेने दर कोसळले. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि २०२५ च्या जानेवारीत लोहा तालुक्यातील किवळा येथे बर्ड फ्लू आढळला. अशा वेळी बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करावे लागतात, मग ते शेडमधले असोत की परसातले. पूर्वी मानमोडी आली म्हणजे एका घराची पुंजी जाई. आता एका गावाच्या साथीने दूरदूरचे दर पडतात.

८. उपसंहार

एवढ्यावरून घरची कोंबडी नामशेष झाली असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील ८५ कोटींहून अधिक कुक्कुटपक्ष्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातील होते आणि त्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. गावरान कोंबडीस ब्रॉयलरहून बराच अधिक दर मिळतो. एकेकाळी चार आण्यांची म्हणून हिणविलेली कोंबडी आज मसाल्याहून महाग झाली आहे, आणि म्हणीतील प्रमाण उलटले आहे.

या उलटापालटीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कोंबडी पूर्वी फुकट नव्हती व आताही अवास्तव महाग नाही. सांडलेले धान्य, सोडून दिलेली अंडी, मेलेली पिले आणि स्त्रीचे श्रम यांनी मिळून तिची किंमत पूर्वीही भरली जात होती. ती रोकडीत नसल्यामुळे दिसत नव्हती, आणि दिसत नसल्यामुळे पाहुणा, देव व अंमलदार यांना ती सहज मागता येत होती. खळे गेल्याने खाद्य विकत घ्यावे लागले तेव्हा खर्चाचा एक मोठा भाग उघड झाला. श्रमाचा आणि मरतुकीचा भाग अजूनही झाकलेलाच आहे. कुक्कुटपालनाचे पुढील अंदाजपत्रक तयार करताना या दोन बाबींस रकाना मिळाला, तर शंभर पिलांचा गट घेणाऱ्या कंधार तालुक्यातील स्त्रीला आपला व्यवहार नफ्याचा की तोट्याचा हे प्रथमच आकड्यांत कळू शकेल.